मुस्लिमबहुल देशांतल्या ख्रिस्ती सुट्ट्यांची वही कशी ठेवावी

न्हावा-शेवा बंदरातून ज्यांचा माल इंडोनेशिया, मलेशिया, बांगलादेश, इजिप्त किंवा लेबनॉनला जातो, त्या नवी मुंबईतल्या बहुतेक निर्यात कचेऱ्यांत भिंतीवर एकच दिनदर्शिका असते आणि तिच्यावर रमजानचा महिना व दोन्ही ईद लाल शाईने घेरलेल्या असतात. ही काळजी योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे एक समजूत मनात घट्ट बसते, की ज्या देशात बहुसंख्य लोक मुसलमान आहेत तिथे सार्वजनिक सुट्टी मुसलमानांच्याच सणाला असणार. वाशीतल्या ज्या कचेरीत मी निर्यातीच्या कागदपत्रांचे काम पाहतो, तिथे ही समजूत २०२५ च्या मे महिन्यात आम्हाला चांगलीच महागात पडली.

शेंगदाण्याचा एक कंटेनर इंडोनेशियातल्या सुराबायाला पोहोचला होता आणि मूळ कागदपत्रांचे पाकीट कुरिअरने गुरुवारी, २९ मे रोजी, खरेदीदाराच्या दारात गेले. ट्रॅकिंगच्या पानावर शेरा आला : कार्यालय बंद, पुन्हा प्रयत्न केला जाईल. आमच्याकडे नवाच लागलेला मुलगा म्हणाला, “सर, बकरी ईद तर पुढच्या आठवड्यात आहे, मग आज यांचे ऑफिस कशाला बंद?” त्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाची राष्ट्रीय सुट्टी होती. शुक्रवारी तिला जोडून सरकारने जाहीर केलेली सामूहिक रजा होती आणि त्यानंतर शनिवार-रविवार. सोमवारी फोन उचलला गेला तेव्हा कंटेनरचे फ्री डेज, म्हणजे भाडे न लागणारे दिवस, संपले होते, आणि पुढच्या भाड्याची रक्कम खरेदीदाराने आमच्या बिलातून कापून घेतली. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, कारण ती तारीख कित्येक महिने आधी जाहीर झालेली होती; आम्हीच ती पाहिली नव्हती. त्यानंतर आम्ही जी वही सुरू केली ती कशी ठेवायची, हे इथे सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की या कामात नाताळ आपल्याला सहसा फसवत नाही. २५ डिसेंबर आणि गुड फ्रायडे या दोन्ही दिवशी महाराष्ट्रातल्या बँका बंद असतात, कारण परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ खाली राज्य सरकार दरवर्षी काढत असलेल्या सुट्ट्यांच्या अधिसूचनेत हे दोन्ही दिवस असतात. त्या दिवशी आपणच घरी असल्यामुळे समोरचा बंद असल्याची झळ लागत नाही. फसवतात त्या सुट्ट्या, ज्यांचे नाव आपल्या दिनदर्शिकेत नसते किंवा अगदी बारीक अक्षरात असते : स्वर्गारोहणाचा गुरुवार, ईस्टरनंतरचा सोमवार, ७ जानेवारीचा कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती चर्चचा) नाताळ, २५ मार्चचा शुभवार्तेचा सण. कचेरीत ख्रिस्ती सहकारी असले म्हणून हे काम सुटते, असेही नाही. आमच्याकडे उत्तनच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या एक बाई आहेत. झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतचा प्रत्येक दिवस त्यांना तोंडपाठ आहे, पण स्वर्गारोहणाला कुठे कचेऱ्या बंद असतील हे त्यांच्याही डोक्यात आले नाही, कारण पुष्कळ ठिकाणी तो सण चर्चमध्ये पुढच्या रविवारी साजरा होतो.

वहीला प्रत्येक देशासाठी एक पान द्यावे आणि पानाच्या अगदी वर, कोणतीही सुट्टी लिहिण्याआधी, त्या देशाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस लिहावा. हे क्षुल्लक वाटते, पण अर्धा हिशेब इथेच आहे. बांगलादेश आणि इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार बंद असतो आणि रविवार कामाचा दिवस असतो. इंडोनेशिया आणि लेबनॉनमध्ये आपल्यासारखाच शनिवार-रविवार चालतो. मलेशियात बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवार असला तरी केडा, केलांतान आणि तेरेंगानू या राज्यांत शुक्रवार-शनिवार आहे, आणि जोहोर राज्य १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा शनिवार-रविवारकडे वळले आहे. त्यामुळे एकच २५ डिसेंबर दोन देशांत अगदी वेगळे वागतो. २०२६ मध्ये तो शुक्रवारी येतो. ढाक्यातल्या खरेदीदाराच्या दृष्टीने बडोदिनची, म्हणजे नाताळची, ती सुट्टी साप्ताहिक सुट्टीत विरून जाते आणि रविवारी त्याची कचेरी उघडते. जकार्तातल्या खरेदीदाराला मात्र सलग तीन दिवस मिळतात.

त्यानंतर त्या देशाची अधिकृत यादी मिळवावी. इथे आळस करू नये आणि सगळ्या जगाच्या सुट्ट्या एकत्र देणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नये, कारण त्यांत राष्ट्रीय सुट्टी, एखाद्या समाजापुरती सुट्टी आणि नुसता सण यांची सरमिसळ असते. इंडोनेशियात ही यादी तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने निघते, आणि ती सहसा आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात जाहीर होते. तिच्यात दोन प्रकार असतात : राष्ट्रीय सुट्टी आणि ‘चुती बर्सामा’, म्हणजे सामूहिक रजा. ही रजा सरकारी कचेऱ्यांना लागू असते. खासगी कंपनीने ती द्यावी की नाही हे ती कंपनी ठरवते. म्हणून राष्ट्रीय सुट्टी वहीत शाईने लिहावी, आणि सामूहिक रजा पेन्सिलने लिहून खरेदीदाराला स्पष्ट विचारावे की, त्या दिवशी तुमचे लोक कामावर आहेत का. आणखी एक बारकावा असा, की २०२४ पासून या यादीतली ख्रिस्ती सुट्ट्यांची नावे बदलली आहेत. पूर्वी जिथे ‘इसा अलमसीह’ लिहिले जाई तिथे आता ‘येसुस क्रिस्तुस’ असते, आणि ईस्टरचा रविवारही यादीत आला आहे. जुन्या फाइलमधले नाव शोधत बसलात तर नव्या यादीत ते सापडणार नाही. २५ डिसेंबरला मात्र ते ‘नाताल’च म्हणतात, पोर्तुगिजांनी तोच शब्द त्यांनाही दिला आणि आपल्यालाही.

यादी हाती येण्याआधी अंदाज बांधावा लागतो, कारण जहाजाची बुकिंग आणि खरेदीचे करार यादीची वाट पाहत नाहीत. त्यासाठी ख्रिस्ती सुट्ट्यांची दोन कुळे ओळखावीत. एक कूळ ठरलेल्या तारखांचे आहे आणि दुसरे ईस्टरला बांधलेले आहे. ठरलेल्या तारखांत २५ डिसेंबरसोबत ७ जानेवारीही येते, आणि ती का येते हे समजून घेतले की ती विसरत नाही. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कालगणना सुधारली, पण इजिप्तच्या कॉप्टिक चर्चने जुनाच हिशेब चालू ठेवला, आणि त्या जुन्या हिशेबातला २५ डिसेंबर आज १३ दिवस उशिरा, म्हणजे ७ जानेवारीला पडतो. इजिप्तमध्ये २००२ च्या अखेरीस हा दिवस सर्वांसाठी अधिकृत सुट्टीचा ठरवण्यात आला. २५ डिसेंबर हा मात्र तिथे सर्वसाधारण कामाचा दिवस आहे. म्हणजे कैरोला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपण शुभेच्छांचे संदेश पाठवून गप्प बसतो, तेव्हा त्यांच्याकडे काम चालू असते. आणि आपण नव्या वर्षाचे काम अंगावर घेतो तेव्हा ते बंद होतात.

ईस्टरला बांधलेल्या सुट्ट्यांसाठी आपल्याकडे एक घरचे साधन आहे, ते म्हणजे पंचांग. पाश्चात्त्य चर्चच्या नियमानुसार २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्री, म्हणजे हनुमान जयंतीची असते आणि काही वर्षी होळीची. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, गुड फ्रायडे लगेच दुसऱ्या दिवशी ३ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळीची पौर्णिमाच २२ मार्चला येते, म्हणून ईस्टर लवकर, २८ मार्चला आहे. मात्र ही युक्ती अंदाजापुरतीच वापरावी, कारण चर्च आकाशातली पौर्णिमा पाहत नाही, कोष्टकातली पाहते. २०१९ मध्ये खरी पौर्णिमा २१ मार्चला होती, पण कोष्टकाने ती एक दिवस आधी धरली. त्यामुळे ती पौर्णिमा मोजलीच गेली नाही आणि ईस्टर पुढच्या पौर्णिमेनंतर, थेट २१ एप्रिलला आला. त्या वर्षी कुणी नुसत्या पंचांगावर भिस्त ठेवली असती तर चार आठवड्यांची चूक झाली असती.

ईस्टर एकदा हाती आला की बाकीचे बोटांवर मोजता येते. त्याच्या दोन दिवस आधी गुड फ्रायडे, दुसऱ्या दिवशी ईस्टरचा सोमवार, ३९ दिवसांनी स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि ५० दिवसांनी पेंटेकॉस्टचा सोमवार. २०२७ साठी हे अनुक्रमे २६ मार्च, २९ मार्च, ६ मे आणि १७ मे होतात. इंडोनेशियाला यातले पहिले आणि तिसरे लागू पडते. मलेशियात गुड फ्रायडे फक्त साबा आणि सारावाक या दोन राज्यांत सुट्टीचा आहे, म्हणून पोर्ट क्लांगला कांदा पाठवणाऱ्याने त्याची चिंता करू नये, पण कोटा किनाबालूला पाठवणाऱ्याने करावी. पश्चिम आफ्रिकेतला सेनेगल हा आपला तांदूळ घेणारा देश. तिथली फार मोठी बहुसंख्या मुसलमान असूनही ईस्टरचा सोमवार, स्वर्गारोहण, पेंटेकॉस्टचा सोमवार, १५ ऑगस्ट (मरियमेच्या स्वर्गोन्नयनाचा सण), १ नोव्हेंबर (सर्व संतांचा दिवस) आणि नाताळ एवढ्या सगळ्या ख्रिस्ती सुट्ट्या सार्वजनिक आहेत. डाकारच्या पानाला मी स्वतंत्र रंग दिला आहे.

पूर्वेकडच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स आणि कॉप्टिक, चर्चचा ईस्टर वेगळ्या कोष्टकाने येतो आणि तो पंचांगावरून काढायच्या भानगडीत पडू नये. सरळ छापील तारीख उतरवून घ्यावी. २०२६ मध्ये तो १२ एप्रिलला, २०२७ मध्ये २ मेला आणि २०२८ मध्ये दोन्ही चर्चचा एकाच दिवशी, १६ एप्रिलला आहे. इजिप्तसाठी तारीख लिहावी ती या ईस्टरच्या दुसऱ्या दिवसाची, कारण त्या सोमवारी ‘शम्म अन-नसीम’ नावाची राष्ट्रीय सुट्टी असते. हा वसंताचा लोकसण आहे आणि तो मुसलमान व ख्रिस्ती दोघेही साजरा करतात, खारवलेले मासे, रंगवलेली अंडी आणि पातीचा कांदा खात बागांमध्ये बसतात; पण त्याची तारीख मात्र कॉप्टिक ईस्टर ठरवतो. २०२७ मध्ये ती ३ मे आहे.

आता एक पान जवळून पाहू. लेबनॉनच्या पानावर मार्च २०२७ लिहिताना मला दोनदा तपासावे लागले. २५ मार्च हा दिवस गब्रिएल देवदूताने मरियमेला पुत्रजन्माची वार्ता सांगितल्याचा सण आहे. ही कथा बायबलमध्ये आहे तशी कुराणातही आहे, आणि कुराणाच्या एकोणिसाव्या सूरेला मरियमचेच नाव आहे. म्हणून २०१० मध्ये लेबनॉन सरकारने हा दिवस मुसलमान आणि ख्रिस्ती यांचा सामाईक राष्ट्रीय सण ठरवला. २०२७ मध्ये तो गुरुवारी येतो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाश्चात्त्य गुड फ्रायडे. मग शनिवार, मग ईस्टरचा रविवार आणि त्यानंतर ईस्टरचा सोमवार. पानावर असे पाच चौकोन सलग काळे झाले आणि दोन्ही बाजूंना एकेक दिवस धरून त्याच्या पुढे मी लिहिले : ‘बैरूत, २४ ते ३० मार्च, कागद पोहोचू देऊ नयेत.’ एवढ्यावर भागत नाही, कारण लेबनॉनमध्ये दोन्ही चर्चचे गुड फ्रायडे पाळले जातात. ३० एप्रिलचा शुक्रवार पूर्वेकडचा गुड फ्रायडे, १ मे कामगार दिन, २ मे पूर्वेकडचा ईस्टर आणि ३ मे त्याचा सोमवार, असा दुसरा गुच्छ महिनाभराने पुन्हा तयार होतो. शिवाय जानेवारीच्या पानावर ६ तारीख आहे, ती आर्मेनियन नाताळची. बँकांनी काढलेली त्या वर्षीची यादी आली की हे दोन्ही गुच्छ तिच्याशी ताडून घ्यायचे आहेत.

पुढचा भाग सुट्टी कुणाला, हा आहे. बांगलादेशात नाताळ सर्वांना सुट्टीचा असतो, पण ईस्टरच्या रविवारासारखे दिवस ख्रिस्ती कर्मचाऱ्यांसाठी ऐच्छिक रजेच्या यादीत असतात, जशी आपल्या केंद्र सरकारी कचेऱ्यांत निर्बंधित सुट्टी असते. अशा दिवशी बँक आणि कस्टम्स चालू असतात. फक्त आपले काम पाहणारी नेमकी व्यक्ती ख्रिस्ती असेल तर ती नसते. यासाठी वहीत एक अरुंद रकाना ठेवावा आणि त्यात एवढेच लिहावे : सर्व, काही राज्ये, किंवा काही लोक. इराकचे पान असेल तर तिथे २०२० च्या डिसेंबरात संसदेने नाताळ सर्वांसाठी राष्ट्रीय सुट्टीचा ठरवल्याची नोंद करावी. ब्रुनेईत २५ डिसेंबरला सुट्टी असते, पण सणाचे सार्वजनिक प्रदर्शन चालत नाही. तेव्हा त्या पार्सलमध्ये कुणी सांताक्लॉजचे भेटकार्ड टाकू नये. पाकिस्तानातही २५ डिसेंबर बंद असतो, पण तो जिनांच्या जन्मदिवसामुळे.

वही भरली, आता तिचा उपयोग कागदांवर कसा करायचा ते पाहू. बंदर चालू असणे म्हणजे कागद चालू असणे नव्हे. क्रेन रात्रंदिवस कंटेनर उतरवत राहतात, पण बँक, कस्टम्स, क्वारंटाइन आणि खरेदीदाराची कचेरी यांपैकी एक जरी बंद असले तरी माल बाहेर निघत नाही, आणि बहुतेक शिपिंग लाइन फ्री डेज मोजताना सुट्ट्या वगळत नाहीत. म्हणून जहाज पोहोचण्याची तारीख सुट्टीच्या गुच्छाच्या एक-दोन दिवस आधीची असेल तर बुकिंगच्या वेळीच जादा फ्री डेज मागून घ्यावेत. नंतर मागितले तर मिळत नाहीत, आणि मिळालेच तर उपकार केल्यासारखे मिळतात.

एलसीचा, म्हणजे बँकेच्या पतपत्रावरचा, व्यवहार असेल तर यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतले २९ वे कलम नीट वाचावे, कारण त्याबद्दल आपल्याकडे अर्धवट माहिती फिरते. एलसीची मुदत किंवा कागद सादर करण्याचा शेवटचा दिवस, ज्या बँकेत कागद सादर करायचे आहेत तिच्या सुट्टीच्या दिवशी आला, तर तो पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत वाढतो. पण माल जहाजात चढवण्याची शेवटची तारीख अशी वाढत नाही. आणि वाढ होते ती कागद सादर करण्याच्या ठिकाणच्या सुट्टीमुळे. एलसीची मुदत वाशीतल्या आपल्या बँकेच्या काउंटरवर संपत असेल तर जकार्तातल्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीने आपल्याला एक दिवसही मिळणार नाही. बँकेला कागद तपासायला पाच बँकिंग दिवस मिळतात आणि त्यांत सुट्ट्या धरल्या जात नाहीत. त्यामुळे २०२७ मध्ये ४ मेला, मंगळवारी, जकार्तातल्या बँकेच्या हाती पडलेल्या कागदांचे पाच दिवस वाटेतल्या ६ मेच्या सुट्टीमुळे ११ मेला संपणार नाहीत, १२ मेला संपतील. आणि ७ मेच्या शुक्रवारी सामूहिक रजा म्हणून बँक बंद राहिली तर १३ मे. पैसे कधी येणार, असे मालक विचारतील तेव्हा हा हिशेब वहीतून दाखवता येतो.

इजिप्तसाठी एक वेगळी खबरदारी आहे. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला १ ऑक्टोबर २०२१ पासून एसीआयडी क्रमांक, म्हणजे मालाची माहिती कस्टम्सला आगाऊ दिल्याचा क्रमांक, अनिवार्य आहे, तो तिथल्या आयातदाराने त्यांच्या पोर्टलवरून काढायचा असतो, आणि तो आपल्या इन्व्हॉइसवर व बिल ऑफ लेडिंगवर यावा लागतो. २०२७ मध्ये ७ जानेवारी गुरुवारी आहे, म्हणजे शुक्रवार-शनिवार धरून तीन दिवस आयातदार फोनवर सापडणार नाही. त्या आठवड्यात न्हावा-शेव्याला गेट कट-ऑफ (बंदरात कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ) असलेल्या मालाचा क्रमांक डिसेंबर संपण्यापूर्वीच हातात असला पाहिजे.

उलटी चूकही होते, आणि ती आखाती देशांबाबत जास्त होते. दुबईच्या मॉलमध्ये उंच नाताळवृक्ष उभा असलेला ज्याने फोटोत पाहिला आहे, तो तिथे २५ डिसेंबरला सुट्टी असणार असे गृहीत धरतो. संयुक्त अरब अमिरातीत ती नसते. १ जानेवारीला असते. सौदी अरेबिया आणि कतारमध्येही नाताळची सुट्टी नाही, आणि तुर्कस्तानातही नाही. त्या दिवशी आपल्या कचेरीला कुलूप आणि दुबईच्या जबल अली बंदरातला ग्राहक मात्र डिलिव्हरी ऑर्डरसाठी फोन करतो आहे, असे होऊ नये म्हणून नाताळला एका माणसाकडे कचेरीचा मोबाइल द्यावा. आमच्याकडे ही पाळी ठाण्याहून येणाऱ्यांपैकी एकाकडे असते, म्हणजे ट्रान्स-हार्बरने वाशीपर्यंत न येता त्याला घरूनच ते काम करता येते.

राहता राहिला प्रश्न शुभेच्छांचा. खरेदीदार ख्रिस्ती असल्याचे माहीत असेल तर इंडोनेशियात ‘सलामत हारी नाताल’ आणि बांगलादेशात ‘शुभो बडोदिन’ लिहावे. कॉप्टिक ग्राहकाला शुभेच्छा ७ जानेवारीलाच पाठवाव्यात, आधी नव्हे. खरेदीदार मुसलमान असेल तर नाताळच्या शुभेच्छा देण्याघेण्याबद्दल त्या समाजात मतभेद आहेत हे लक्षात घेऊन नुसते ‘सुट्टी आनंदात जावो’ एवढे लिहावे, आणि त्याच ईमेलमध्ये विचारावे की कचेरी कोणत्या तारखेला उघडते. हे ईमेल आम्ही प्रत्येक गुच्छाच्या पंधरा दिवस आधी पाठवतो, आणि उत्तरात आलेली तारीख वहीतल्या पेन्सिलीच्या खुणेवर शाईने गिरवतो.